गाडी वळणावर कलते

२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

सासुरवाडीहून परत आलो. मी गाडीने, ही बसने.

घाटात तिसऱ्या वळणावर हिला उलटी. पाचव्यावर पुन्हा. मग हिने गाडी थांबवायला लावली, पर्स उचलली आणि मागून येणाऱ्या बसला हात केला. बस थांबली. उरलेला घाट मी बसच्या मागे मागे उतरलो. बसच्या मागच्या काचेतून ही दिसत होती. शेंगदाणे खात होती. ज्या बाईच्या पोटात पाणी ठरत नाही, तिला शेंगदाणे कसे चालतात, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मी वाद वाढवणारा माणूस नाही.

कन्या मागच्या सीटवर होती. ती म्हणाली, बाबा, तू ब्रेक जरा... मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. तिला लायसन्स मिळून वर्ष झालंय. मी ब्रेक ठामपणे दाबतो. ॲक्सिलरेटरही ठामपणे दाबतो. ठामपणा माझ्या रक्तातच आहे.

कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. अपघात झाला की आम्ही माणसाला दोष देत नाही, रूट कॉज शोधतो. घरीही तेच करणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

रूट कॉज सापडला. गाडी वळणावर कलते.

तिचा दोष नाही, बनवणाऱ्यांचा आहे. मऊ स्प्रिंगा घालून मोकळे झाले. वळण घेतलं की गाडीचं धड बाहेरच्या बाजूला झुकतं, आतली माणसं झुकतात, माणसांच्या पोटातलं झुकतं. उपाय: मागचा स्वे बार. म्हणजे एक जाड, वाकवलेला पोलादी दांडा. गाडीच्या पोटाखाली आडवा बसतो आणि मागच्या दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून टाकतो. एक बाजू दबायला लागली की दांडा म्हणतो, थांब, एकटी कुठे चाललीस.

व्हिडिओतल्या माणसाने बोलता बोलता बसवला. मध्ये कॉफीही प्यायला. ऑर्डर देऊन टाकली.

हिला सांगितलं की तुझा प्रॉब्लेम कायमचा सुटणार आहे. ही कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, कुठला? बिचारीला इतके आहेत की कुठला ते कळत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार.

दांडा आला. लाल भडक. देखणा. बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला आणि बराच वेळ बघत बसलो.

अंघोळ करून आलो तर त्यावर आईचे दोन टॉवेल वाळत होते. आई म्हणाली, बरा आणलास, जुना दांडा गंजलाच होता. तिला समजावलं की हा गाडीचा आहे. तिला ऐकू कमी येतं. म्हणाली, माडीचा? आपल्याला माडी कुठे आहे?

ठरवलं: उद्या सकाळी बसवायचा. जेवायच्या आत हात धुऊन मोकळा.

महत्त्वाचं: दोन मार्चला सासरेबुवांना ऐंशी पूर्ण होतात. घाटावर त्यांच्या घरी सगळे जमणार. हिने आजच फोनवर भावाला सांगितलं की आम्हाला न्यायला गाडी घेऊन ये. आमच्या दारात गाडी उभी असताना. माझ्यासमोर. मी ऐकत होतो हे तिला माहीत होतं.

मेहुण्याची गाडी माझ्या गाडीपेक्षा जुनी आहे. हे कुठेतरी नोंदवलेलं असावं म्हणून लिहितो.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपार. (कन्येकडून लिहून घेतोय.)

सकाळी गाडी जॅकवर चढवली. तळमजल्यावरचे डेंटिस्ट चहाचा कप घेऊन आले. वाकून बघितलं आणि म्हणाले, किडलंय बरंच. मी म्हटलं, वरवरचा गंज आहे. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात.

पहिला बोल्ट फिरेना. पान्याला लांब पाइप लावून जोर केला. बोल्ट नाही फिरला, बोल्टचं डोकं गोल झालं. दुसऱ्याला हातोडी. कन्या म्हणाली, बाबा, डोळ्यांना चष्मा लाव. कारखान्यात याच विषयावर मी माणसांना फैलावर घेतो, त्यामुळे मला कुणी सांगायची गरज नाही, असं मी म्हटलं. म्हणता म्हणता गंजाची खपली डोळ्यात गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती काढली. पट्टी बांधली. व्यवसाय विचारला. मी सांगितल्यावर त्यांनी नर्सला आत बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं.

(बाबा, हे सगळं मी लिहिलंय. पुढचं तू एका डोळ्याने लिही.)

१० फेब्रुवारी, सोमवार.

योगायोग असा की आज कारखान्यात माझंच भाषण होतं. विषय: डोळ्यांचं संरक्षण. महिनाभर आधी ठरलेलं.

पट्टी बांधूनच उभा राहिलो. मुद्दाम अनुभव घेऊन आलोय, असं म्हणालो. इतक्या टाळ्या आजवर मिळाल्या नव्हत्या. मागच्या रांगेतले लोक उभे राहून बघत होते. शेवटी साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या महिन्याचं भाषण दुसऱ्या कुणाला तरी देऊ या, म्हणाले. विषय पडण्याचे धोके आहे. माझ्यावरचा भार कमी करतायत. समजूतदार माणूस.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारचे साडेबारा.

बसला.

आधी सायलेन्सरच्या नळीला अडत होता. मग दांडा उलटा करून बघितला, बसला. व्हिडिओत सुलटा आहे, पण त्या माणसाची गाडी वेगळी असणार. डावी बाजू झाली. उजव्या बाजूचा बोल्ट हातातून निसटला आणि गटाराच्या जाळीतून खाली गेला. आवाजही आला नाही.

सामान्य माणूस इथे हात टेकतो. मी घरात फिरलो, प्रत्येक वस्तूकडे इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं आणि तसाच बोल्ट शोधून काढला. जरा आखूड आणि जरा मऊ, पण बसला.

दांडा धरून ठेवणाऱ्या दोन ब्रॅकेटचे नट हातानेच फिरवून ठेवलेत. ताकद लावून नंतर आवळू. आधी जेवण.

त्याच दिवशी. संध्याकाळ.

बोल्ट आईच्या पलंगाचा होता. तो पायाशी होता. पलंगाला चार पाय असतात आणि आई वजनाने काडी आहे, असा माझा हिशेब. तिचं डोकं नेमकं कुठल्या बाजूला असतं हे मला माहीत नव्हतं. दुपारी झोपायला गेली आणि पलंगाची ती बाजू बसली. उजवं मनगट मोडलं.

हॉस्पिटलमध्ये आईला विचारलं, कशा पडलात? आई म्हणाली, मुलाने माडी बांधायला काढलीय.

पलंग मुळात जुना होता, हे मी सगळ्यांना सांगितलं. परत आल्यावर हिने आपली उशी उचलली आणि आईच्या खोलीत खाली गादी घातली. आईला रात्री लागेल ते द्यायला. सासूला असा जीव लावणाऱ्या सुना आता मिळत नाहीत.

नट आवळायचे राहिले. गडबडीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

ऑफिसला जाताना टेस्ट घेतली. चौकातलं वळण मुद्दाम दोनदा घेतलं. काय सांगू. जमिनीला चिकटून गेली. इतकी वर्षं मी गाडी नव्हे, पाळणा हाकत होतो.

डब्याच्या वेळी सहकाऱ्यांना सविस्तर समजावलं. एकजण म्हणाला, पण तुम्हाला पुढे बसून मागचं कसं कळतं? अशा माणसांना कळणार नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

आईचं प्लास्टर दाखवायला गेलो. ही मागे आईला धरून बसली. तिसऱ्या सिग्नलपाशी हिने काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

विचार केला. दांडा नवीन आहे. नव्या चपलाही आधी चावतात.

दांड्याला प्रत्येक टोकाला दोन भोकं आहेत. एकात लावला तर दांडा मऊ, दुसऱ्यात कडक. मी मऊ भोकात लावला होता. तिथेच चुकलं. घरी येऊन लगेच कडक भोकात लावला. नट आवळायला पाना शोधला, मिळाला नाही. हिने कुठेतरी ठेवला असणार.

आई गाडीतून उतरताना म्हणाली, पूर्वी मान हलायची, आता दात हलतात. म्हणजे फरक पडतोय.

२६ फेब्रुवारी, बुधवार.

मेहुण्याचा फोन. रविवारी सकाळी येतो, म्हणाला. मी हिच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं की तुम्ही येऊ नका. या घरातली माणसं या घरातल्या गाडीतूनच येतील. तो म्हणाला, ताईला त्रास होतो. मी म्हटलं, तुमच्या ताईचा त्रास ही मेकॅनिकल बाब होती, ती सुटलेली आहे. नाजूक पोट हा तुमच्या घराण्याचा वारसा आहे, त्यावरही मी उपाय केलाय.

फोन ठेवल्यावर ही कितीतरी वेळ भांडी घासत राहिली. धुतलेलीच भांडी.

मग कन्येसमोर म्हणाली, ठीक आहे, याच गाडीने जाऊ. वाद संपला. मुद्दा पटला की बाई गप्प होते.

२ मार्च, रविवार. (परत आल्यावर लिहितोय. आहे तसं लिहायचं ठरवलंय.)

सकाळी निघालो. मी चालवायला. शेजारी ही, मांडीवर केकचा खोका. मागे आई आणि कन्या. सासरेबुवांच्या ऐंशी वर्षांसाठी हिने तो केक स्वतः केला होता. दोनदा बिघडला, तिसऱ्यांदा जमला. वर त्यांचं नाव घातलं होतं, तेवढं एक अक्षर वाकडं.

घाट सुरू झाला. पहिली दोन वळणं निर्विघ्न. मी हिच्याकडे बघून म्हटलं, कळतंय का काही? ही समोर बघत होती. खोक्याचे कोपरे घट्ट धरले होते.

तिसऱ्या वळणावर समोरून ट्रक. मी ठामपणे ब्रेक दाबला, मग ठामपणे सोडला. मागून खाडकन आवाज. मग खडखडाट. मग काहीतरी घरंगळल्याचा. रस्ता खराब असणार असं मी म्हणालो. तेवढ्यात हिला उलटी झाली, पिशवी उघडायलाही वेळ मिळाला नाही.

केकवर.

मी गाडी बाजूला घेतली. ही खाली उतरली. दगडावर बसून बाटलीतल्या पाण्याने आधी खोका धुऊ लागली. पुठ्ठ्याचा खोका. तो हातातच विरघळला. मी म्हटलं, असू दे, वरचा थर काढला की आतला चांगला असेल. कन्येने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं आजवर कुणी पाहिलं नाही.

मग ही उठली, तोंड पुसलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "किल्ली तिला द्या."

मी म्हटलं, घाट आहे, ती नवशिकी आहे, जबाबदारी कोण घेणार.

"अहो, किल्ली द्या. नाहीतर मी इथून चालत जाते. आणि परत येत नाही."

आईला इतकं हळू बोललेलं कधीच ऐकू येत नाही. आज आलं. म्हणाली, देऊन टाक रे.

दिली. मी मागे, आईच्या प्लास्टरशेजारी. कन्या सावकाश निघाली. बैलगाडी बरी. आठव्या की नवव्या वळणावर मी पुढे वाकून बघितलं. हिची मान एका बाजूला कलली होती. मला वाटलं, बेशुद्ध पडली. झोपली होती. तोंड थोडं उघडं. घाटात.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. दांडा अखेर काम करायला लागला होता.

वर पोचलो. सासरेबुवा फाटकात उभे. हातात नेहमीप्रमाणे हिच्यासाठी लिंबू-पाण्याचा पेला. ही उतरली ती ताजीतवानी, कन्या काहीतरी म्हणाली त्यावर हसत. सासरेबुवांनी पेल्याकडे पाहिलं आणि तो कट्ट्यावर ठेवून दिला.

अंगणात सगळे जमल्यावर मला राहवलं नाही. मी स्वे बारचा विषय काढला. कलणं म्हणजे काय, पोट म्हणजे काय, दोन चाकांना बांधून ठेवणं म्हणजे काय. आधी काय व्हायचं आणि आज काय झालं. साक्षीला ही होतीच. मी म्हटलं, आत्ता घाट झोपेत चढून आलीय, विचारा हिला. पाहुणे ऐकत होते. हिची मावशी म्हणाली, बघू तरी कसा असतो. मी सगळ्यांना गाडीच्या मागे नेलं. मेहुणा अंगणात पालथा झोपला आणि गाडीखाली बघू लागला.

बराच वेळ बघत राहिला.

मग म्हणाला, "भावजी, इथे काही नाहीये."

मी म्हटलं, लाल रंगाचा आहे, दिसलाच पाहिजे. तो म्हणाला, डाव्या बाजूला एक रिकामं ब्रॅकेट लोंबतंय, बाकी काही नाही. मीही झोपलो. हिची मावशीही वाकली. खरंच नव्हतं. ते खाडकन झालं, ते तेच. म्हणजे ही झोपली ती त्यानंतर.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माणसं एकेक करून घरात गेली. मी पालथाच राहिलो, बोल्टची भोकं तपासत. पुन्हा पुन्हा तीच. कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. चपलांवरून सासरेबुवा.

म्हणाले, "जावईबापू, लग्न झाल्यापासून ही माझ्या दारात पहिल्यांदा हसत उतरली. म्हणून विचारलं तिला, आज गाडी कोण चालवत होतं."

मी गाडीखालूनच म्हणालो, ब्रॅकेट सैल होतं.

"हो," ते म्हणाले. "वाढलंय आत. हात धुऊन या."

केक नव्हताच. मेहुण्याच्या बायकोने शिऱ्यावर मेणबत्ती लावली. फोटो काढला. त्यात मी आहे, पण पाठमोरा.

४ मार्च, मंगळवार.

चूक शोधली. ब्रॅकेटचे नट आवळले असते तर दांडा पडला नसता. दांडा पडला नसता तर ही झोपली ती दांड्यामुळेच, हे सिद्ध झालं असतं. म्हणजे प्रयोग फसला नाही, अपुरा राहिला. नवा मागवता येईल. आता जाड.

हे हिला सांगायला आईच्या खोलीत गेलो. ही आईला भरवत होती. घास थांबवून ऐकून घेतलं. सगळं ऐकलं. मग म्हणाली, मागवा. मी आणि लेक, आम्ही दोघी तुमच्या गाडीत बसणार नाही, तुम्हाला हवं ते बसवा.

आईने हिच्या हातातला घास पुढे ओढला आणि म्हणाली, तिघी.

मागवला नाही.

५ मार्च, बुधवार.

ऑफिसला बसने गेलो. किल्ली जागेवर नव्हती. कन्येने तिच्या साखळीत अडकवलीय. मागितली नाही. बसचा ड्रायव्हर ब्रेक फारच मऊ दाबतो. त्याला सांगावंसं वाटलं. उभा होतो, लांब होतो.

९ मार्च, रविवार.

कन्या हिला आणि आईला घेऊन फिरायला निघाली. दाराशी आल्यावर ही थांबली आणि येता का, म्हणाली. फार आग्रह नव्हता. गेलो.

मागे बसलो, आईच्या बाजूला. कन्येने गाडी सुरू करायच्या आधी आरशातून सांगितलं, बाबा, बोलायचं नाही. नाही बोललो. दोनदा माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला गेला, तिथे आईची पिशवी होती. आईने पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली.

तलावाच्या रस्त्याला खूप वळणं आहेत. गाडी कलत होती. चांगली कलत होती. ही काच खाली करून बसली होती, एक हात बाहेर. आणि गुणगुणत होती. आधी मला वाटलं, रेडिओ. रेडिओ बंद होता. हिला गाता येतं हे मला माहीत नव्हतं. सुरात होतं. म्हणजे पूर्वी कुठेतरी शिकली असणार, नाहीतर असं येत नाही.

मी पुढे वाकून विचारलं, कुठलं गाणं गं हे?

ही गप्प झाली. हात आत घेतला. काच वर केली. कन्येने आरशातून पाहिलं.

मग मी मान मागे टाकली आणि डोळे मिटून झोपल्यासारखं केलं. बऱ्याच वेळाने काच खाली जाण्याचा आवाज आला. घरी येईपर्यंत डोळे उघडले नाहीत.